वाहन-सल्ला : पिकअपच्या चाकांत हवा किती ठेवावी?

संत्र्याच्या आंबिया बहराची तोड, सोयाबीनची विक्री आणि कापसाचा पहिला वेचा हे सगळे पुढेमागे एकाच सुमारास येत असल्याने या दिवसांत वऱ्हाडापासून झाडीपट्टीपर्यंत पिकअप गाडीला उसंत नसते. साहजिकच या वेळच्या टपालात टायरमधल्या हवेविषयीची पत्रे बरीच होती. त्यांतली पाच निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्यांची निम्मी उत्तरे त्यातच येतात.

प्रश्न : मी मोर्शी तालुक्यातील संत्रा उत्पादक आहे. गेल्या वर्षी जुनी पिकअप विकत घेतली. आधीच्या मालकाने टायर बदललेले आहेत आणि दाराच्या खांबावरची हवेची पट्टी रंगकामात गेली आहे. टायरवर ‘कमाल भार ९५० किलो, ६५ पीएसआय’ असे लिहिलेले दिसते. टायरवाले चारही चाकांत ६० भरा म्हणतात. आमचा चालक ३५च्या वर भरू देत नाही, कारण रिकामी गाडी फार उडते असे त्याचे म्हणणे. एरवी गाडी गावात रिकामीच फिरते, पण हंगामात आठवड्यातून दोनदा संत्र्याचे कॅरेट भरून नागपूरला कळमन्याच्या बाजारात जाते. नेमकी किती हवा ठेवावी?
— एक संत्रा उत्पादक, जि. अमरावती

उत्तर : आपले टायरवाले आणि आपला चालक यांच्यात खरे पाहता भांडण नाहीच, एक जण भरलेल्या गाडीविषयी बोलतो आहे आणि दुसरा रिकाम्या. मोटारीत चार माणसे बसली तरी तिचे वजन फार तर पाव हिश्श्याने वाढते, पण पिकअपच्या मागच्या चाकांवरचा भार माल भरल्यावर अडीचपटीच्याही पुढे जातो. त्यामुळे या गाडीच्या बाबतीत ‘हवा किती’ हे विचारण्याआधी ‘आज या चाकावर वजन किती’ हे विचारावे लागते. टायरवर येणारा भार मुख्यतः आत कोंडलेली हवा पेलत असते. रबर आणि आतल्या तारा-धाग्यांचे काम त्या हवेला कोंडून धरण्याचे.

टायरवर छापलेला ६५ हा आकडा ‘इतकी हवा भरा’ असे सांगत नाही. टायर थंड असताना त्यात ६५ पीएसआय (म्हणजे चौरस इंचाला ६५ पौंड दाबाची) हवा असेल तर तो जास्तीत जास्त ९५० किलो पेलेल, एवढेच तो सांगतो. मापाच्या शेजारी जो भारांक असतो त्याचाही अर्थ हाच : १०६ म्हणजे ९५० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो, १०० म्हणजे ८०० किलो. ‘१०६/१०४’ अशी जोडी दिसल्यास पहिला आकडा एकेरी चाकाचा आणि दुसरा जोडचाकाचा समजावा. गाडीला लागणारी हवा मात्र गाडीच्या कंपनीने ठरवलेली असते. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर किंवा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत ती पुढच्या व मागच्या चाकांसाठी, आणि मालवाहू गाडीत बहुधा रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठीही, वेगवेगळी दिलेली असते. आपली पट्टी रंगाखाली गेली असली तरी मॉडेल आणि वर्ष सांगून अधिकृत सेवा केंद्रातून ते आकडे मिळवता येतील. आताच्या टायरचे माप आणि भारांक मूळ टायरशी जुळत असतील तर तेच आकडे पाळावेत. पुढचे वाचले नाही तरी चालेल.

जुळत नसतील, किंवा आकडे मिळालेच नाहीत, तर गाडी धर्मकाट्यावर न्यावी. आधी पूर्ण गाडीचे वजन घ्यावे, मग फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून आणि शेवटी फक्त मागची ठेवून. हेच एकदा रिकाम्या आणि एकदा भरलेल्या गाडीचे करावे. काटेवाला सुरुवातीला कुरकुर करील, पण दोन पावत्यांचे पैसे दिले की करू देतो. समजा रिकामी गाडी १,७०० किलो भरली, त्यांत पुढे १,००० आणि मागे ७००. तिच्यात १३ क्विंटल माल भरल्यावर पुढचे वजन १,१५० आणि मागचे १,८५० झाले. म्हणजे १,३०० किलोंपैकी पुढच्या चाकांच्या वाट्याला केवळ १५० किलो आले आणि उरलेले १,१५० मागच्या दोन चाकांनी घेतले. आकडे आपल्या गाडीचे वेगळे येतील, प्रमाण मात्र साधारण असेच असेल. टायरवाल्यांचे ‘चारही चाकांत ६०’ कुठे चुकते ते यावरून दिसेल : पुढच्या चाकांना ६० कधीच लागत नाही.

आता शाळेतले त्रैराशिक. ९५० किलोंना ६५, तर पुढच्या एका चाकावरच्या ५७५ किलोंना किती? ३९. मागच्या एका चाकावरच्या ९२५ किलोंना किती? ६३. साडेसहा क्विंटल, म्हणजे अर्धाच माल असेल तर मागच्या एका चाकावर सुमारे ६४० किलो येतात, त्यांना ४४. टायर कंपन्यांचे भार-हवेचे तक्ते इतके सरळ नसतात, पण त्रैराशिकाचे उत्तर त्या तक्त्यांपेक्षा किंचित जास्तच येते, त्यामुळे चूक झाली तरी ती सुरक्षित बाजूला होते. एकाच ठिकाणी हा हिशेब वापरू नये, आणि ते म्हणजे रिकाम्या गाडीची मागची चाके. तिथे एका चाकावर ३५० किलो धरल्यास उत्तर २४ येते. इतक्या कमी हवेत खड्ड्यात आपटताना टायर रिमपर्यंत दबतो आणि वळणावर गाडी लोळल्यासारखी वाटते. शिवाय ‘रिकामी’ म्हटलेल्या पिकअपमध्ये खताची चार पोती आणि सहा माणसे कधी चढतील याचा नेम नसतो. माझ्या मते या उदाहरणातल्या गाडीला पुढे नेहमी ४०, मागे रिकामी असताना ३५ ते ४०, अर्ध्या मालाला ४५ आणि पूर्ण मालाला ६३ ते ६५ ठेवावे. टायर थंड असताना ६५च्या वर कधीही जाऊ नये.

हिशेब जमला की नाही हे खडूने पाहता येते. टायरच्या नक्षीवर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, खडूची जाड आडवी रेघ ओढावी आणि सपाट डांबरी रस्त्यावर गाडी सरळ पाच-पन्नास मीटर चालवावी. रेघ मधोमध पुसली जाऊन दोन्ही कडांना शिल्लक राहिली तर त्या भाराला हवा जास्त आहे. कडांना पुसून मध्ये राहिली तर कमी आहे. सगळीकडे सारखी फिकी झाली तर हवा बरोबर. रिकाम्या गाडीला मागे ६० ठेवून ही रेघ ओढून पाहा. चालक उगीच तक्रार करीत नव्हता हे लक्षात येईल, कारण टायरचा जेमतेम मधला पट्टा रस्त्याला टेकत असतो, आणि पहिल्या पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर ब्रेक लावताच मागची बाजू सरकते ती यामुळेच.

उलट चालकाचे ३५ भरलेल्या गाडीला ठेवले तर नुकसान डोळ्यांना दिसत नाही. या मापाचे चाक किलोमीटरला साधारण साडेचारशे फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू एकदा दबते आणि एकदा सरळ होते. ताशी ६० किलोमीटरने जाताना हे मिनिटाला साडेचारशे वेळा घडते, आणि हवा कमी असली की प्रत्येक दाब खोल जातो. तार सारखी वाकवून तोडताना ती हाताला गरम लागते, तसाच हा प्रकार. उष्णता बाहेरच्या उन्हापेक्षा या वाकण्यातून जास्त येते, आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात, आणि टायर फुटतो तो बहुधा घाईच्या दिवशी, भरधाव गाडीत. म्हणून बाजाराच्या दिवशी माल भरण्यापूर्वी, गाडी थंड असतानाच मागच्या चाकांत हवा वाढवावी. परतताना गाडी रिकामी असली तरी रस्त्यात हवा काढत बसू नये. एक फेरी जरा उडत यावे लागले तरी हरकत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी ती उतरवावी.

शेवटी एक अप्रिय गोष्ट. वरच्याच गाडीत १३ ऐवजी १८ क्विंटल भरले तर मागच्या एका चाकावर सुमारे १,१४५ किलो येतात, म्हणजे टायरच्या क्षमतेपेक्षा २० टक्के अधिक. याला हवेत उत्तर नाही. ७५ भरून क्षमता वाढत नाही, फक्त टायर ताठ होतो आणि खड्ड्याचा दणका चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर आणि रिमवर जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा भारासाठी २०,००० रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे, ही गोष्ट वेगळीच. कॅरेट रचताना जड थर केबिनला भिडवून पुढे घ्यावेत. फाळक्याकडे ओझे गेले की मागची चाके अधिकच दबतात, पुढचा भाग हलका होतो आणि स्टिअरिंग हातात पोकळ लागते.

प्रश्न : आमच्याकडे उन्हाळ्यात टायर फुटतात म्हणून सगळे चालक चाकांत पाच पौंड हवा कमी ठेवतात. मी सकाळी ५० भरून निघालो आणि दुपारी थांबून पाहिले तर ५७ दिसले. घाबरून ७ काढून टाकली. बरोबर केले का?
— एक भाजीपाला वाहतूकदार, वरोरा, जि. चंद्रपूर

उत्तर : नाही. ती ७ पीएसआय हवा दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याला कमी पडली असेल. कंपनीने दिलेला हवेचा आकडा थंड टायरचा असतो, आणि थंड म्हणजे निदान तीन तास उभी असलेली किंवा दीड-दोन किलोमीटरपेक्षा जास्त न चाललेली गाडी. चालल्यावर दाब वाढणार हे त्या आकड्यात आधीच धरलेले असते. वाढतो किती, तेही काढता येते : ५० पीएसआय हवेचा टायर १० अंशांनी तापला की दाब साधारण २ पीएसआयने वाढतो. चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि डांबर त्याहून कितीतरी जास्त तापलेले असते. पहाटे ३० अंशांत भरलेला टायर चालून-तापून ६५ अंशांपर्यंत गेला तर ५० चे ५७ होणे अगदी स्वाभाविक आहे. चांगल्या टायरला त्याने काही होत नाही.

‘उन्हाळ्यात हवा कमी’ ही समजूत आपल्या भागात फार जुनी आहे, आणि दुर्दैवाने ती उलटी आहे. कमी हवेचा टायर अधिक वाकतो, अधिक वाकल्याने अधिक तापतो आणि उन्हाळ्यात त्याला थंड व्हायलाही वाव नसतो. समृद्धी महामार्गासारख्या सलग सिमेंटच्या रस्त्यावर ना गतिरोधक, ना गाव, ना थांबायला निमित्त. त्यामुळे गावच्या रस्त्यावर निभावून गेलेली उणीव तिथे तासाभरात उघडी पडते. पल्ला लांबचा असेल तर पट्टीवरचा पूर्ण आकडा सकाळी भरावा, दीड-दोन तासांनी सावलीत थांबावे आणि टायरला हात लावून पाहावा. चारांपैकी एकच टायर बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त गरम लागला तर त्यात हवा कमी आहे, किंवा त्या चाकाचा ब्रेक धरतो आहे.

आपले ७ पीएसआय कुठल्या गेजवर वाढले, हेही विचारण्यासारखे आहे. मी एकदा एकाच सकाळी एकाच चाकाची हवा तीन ठिकाणी मोजली. पंक्चरच्या दुकानात ४०, एका पेट्रोल पंपावर ४४ आणि मित्राच्या नव्या गेजवर ३७. त्या दिवसापासून डॅशबोर्डच्या कप्प्यात स्वतःचा गेज असतो. गोल तबकडीचा साधा गेज काही शे रुपयांत मिळतो. तो सूक्ष्म अचूक नसला तरी रोज एकच असतो, आणि रोज एकाच मापाने मोजले की बदल कळतो. मोजताना गेज व्हॉल्व्हवर सरळ दाबावा, ‘फिस्स’ आवाज आला तर तिरका लागला असे समजून पुन्हा लावावा. मोजून झाल्यावर बोटाने थोडी थुंकी व्हॉल्व्हच्या तोंडावर लावून बुडबुडा येतो का पाहावे. ही आपल्या सायकलवाल्यांची जुनी रीत अजूनही सर्वांत खात्रीची आहे. मग टोपी लावावी. टोपीविना फिरणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये धूळ बसते आणि हवा हळूहळू जाते.

उन्हाळ्याइतकेच लक्ष हिवाळ्यातही हवे. मे महिन्यात ३० अंशांत भरलेले ५० डिसेंबरच्या पहाटे १० अंशांत केवळ थंडीनेच ४६ होतात, शिवाय चांगल्या टायरमधूनही महिन्याला एखाद-दोन पीएसआय हवा आपोआप जातेच.

प्रश्न : शेतात जाणारी आमची पांदण काळ्या मातीची आहे. पाऊस पडून गेल्यावर गाडी फसते. हवा कमी केल्यास निघते असे ऐकले आहे. तसेच कापूस भरल्यावर मागे किती हवा ठेवावी? गाडी तर पार झाकली जाते.
— एक कापूस उत्पादक, जि. यवतमाळ

उत्तर : दुसरा भाग आधी घेतो, कारण तिथे डोळे फसवतात. मोकळा कापूस हौद्यात कितीही दाबला आणि वर ताडपत्रीने बांधून डोंगर केला तरी वजनाने तो त्याच उंचीच्या धान्याच्या पासंगालाही पुरत नाही. सोयाबीनची पोती फाळक्याच्या वरही येत नाहीत आणि पाटे सरळ होतात. हवा ढिगाकडे पाहून भरू नये; जिनिंगच्या काट्यावरची पावती जपून ठेवावी आणि तिच्यावरच्या क्विंटलांवरून मागच्या चाकांचा हिशेब करावा. बहुतेक वेळा अर्ध्या मालाची हवा पुरेल. कापसाच्या उंच गाडीला धोका असतो तो वाऱ्याचा आणि वळणावर कलण्याचा, आणि मागची हवा फार कमी असली तर हे कलणे वाढते.

आता चिखल. आपण ऐकले ते खरे आहे. हवा कमी केली की टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो, वजन जास्त जागेवर पसरते आणि चाक कमी रुतते. परंतु काळी माती ओली झाली की नक्षीच्या खाचा भरून टाकते, आणि टायर गुळगुळीत गोळा झाल्यावर हवेचा फारसा उपयोग राहत नाही. त्यामुळे ही युक्ती गाडी रिकामी असताना, फसण्याआधीच करावी. रिकाम्या गाडीच्या हवेतून फार तर पाव हिस्सा कमी करावा, ताशी २० किलोमीटरच्या आत राहावे, स्टिअरिंग झटक्याने वळवू नये. ट्यूबलेस टायर कमी हवेत रिमवरून सुटतो. आणि डांबरी रस्त्याला लागताच हवा पुन्हा भरावी. पुन्हा भरण्याची सोय, म्हणजे बॅटरीवर चालणारा लहान पंप, गाडीत नसेल तर हवा काढूच नये. भरलेल्या गाडीची हवा चिखलासाठी कमी करणे तर कुठल्याच परिस्थितीत योग्य नाही. अशा वेळी निम्मा माल बैलगाडीने किंवा ट्रॅक्टरने रस्त्यापर्यंत आणलेला परवडतो.

काढणी झालेल्या तुरीच्या किंवा पऱ्हाटीच्या वावरातून गाडी घालत असाल तर आणखी एक काळजी. विळ्याने तिरके छाटलेले खुंट वाळले की सुळासारखे होतात. नक्षीचा भाग त्यांना दाद देत नाही, पण कमी हवेत फुगून बाहेर आलेली टायरची बाजू सहज फाटते. बाजूला पडलेले भोक पंक्चर काढून टिकत नाही. टायर बदलावाच लागतो.

प्रश्न : साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरावा का?
— एक वाचक, वाशीम

उत्तर : फुकट मिळत असेल तर भरावा. साध्या हवेत मुळातच ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजनमध्ये ओल नसते आणि तो टायरमधून थोडा सावकाश झिरपतो, इतकाच फरक. उन्हात त्याचाही दाब जवळजवळ तितकाच वाढतो. ‘नायट्रोजन आहे’ म्हणून दोन-दोन महिने गेज न लावणारे मी पाहिले आहेत, त्यांना साधी हवाच बरी. नायट्रोजन असलेल्या टायरमध्ये अडचणीच्या वेळी साधी हवा भरली तर काहीही बिघडत नाही.

प्रश्न : रेडियल टायर नेहमी दबलेला का दिसतो? आमच्याकडे लाथ मारून हवा ओळखतात. तसेच स्टेपनीत किती हवा ठेवावी?
— एक धान उत्पादक, जि. भंडारा

उत्तर : रेडियल टायरची बाजू मुळातच लवचीक असते, त्यामुळे बरोबर हवेतही तो खालून थोडा फुगलेला दिसतो. जुन्या नायलॉन टायरची बाजू ताठ असे. लाथ मारण्याची विद्या त्या काळची आहे. आज तिने ३५ आणि ५० यांतला फरकही कळणार नाही. एकाच आसावर एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला नायलॉन असे कधीही बसवू नये, कारण दोन्हींत सारखी हवा भरली तरी ती सारखी दबत नाहीत आणि गाडी एका बाजूला ओढते.

स्टेपनीत मागच्या चाकांची पूर्ण मालाची हवा भरून ठेवावी. पुढे लावायची वेळ आली तर रस्त्यात हवा काढता येते, भरता येत नाही. पिकअपची स्टेपनी हौद्याखाली टांगलेली असल्याने तिच्याकडे वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. महिन्यातून एकदा वाकून गेज लावावा आणि त्याच वेळी टायरच्या बाजूवरचे लांबट चौकटीतले चार आकडे वाचावेत. ‘२४१६’ असे असेल तर तो टायर २०१६ सालच्या २४व्या आठवड्यात तयार झालेला आहे. नक्षी नवी कोरी दिसली तरी इतक्या जुन्या स्टेपनीवर माल भरलेली गाडी फक्त जवळच्या टायरवाल्यापर्यंत, हळू न्यावी.